आपला विश्वासू

पारनेरला माझी बदली झाली, तेव्हा धर्मग्रामातील तरुण मुलांचे निरोप माझ्या मोबाइलवर येऊ लागले. आणि त्या निरोपांच्या अखेरीस असलेल्या दोन इंग्रजी अक्षरांनी मला पहिले काही दिवस चांगलेच बुचकळ्यात पाडले. ती अक्षरे होती 'टी' आणि 'सी'. आमच्या पिढीला टीसी दोनच ठाऊक. एक, आगगाडीच्या डब्यात तिकीट तपासणारा. दुसरा, शाळा सोडल्याचा दाखला. 'उद्या मिस्सा किती वाजता?' एवढे विचारून कोणी शेवटी 'टीसी' लिहिले, की माझ्या मनात येई, या मुलाला शाळा सोडल्याचा दाखला आताच कशाला हवा असेल? अखेर एका मुलीने हसू दाबीत खुलासा केला: "फादर, टीसी म्हणजे 'टेक केअर'. काळजी घ्या."

त्याहून मौजेचा प्रकार 'जेके'चा. आमच्याकडे एकमेकांना भेटताना व निरोप घेताना 'जय ख्रिस्त' म्हणण्याची रीत आहे. तरुण मंडळाच्या मुलांनी त्याचे 'जेके' केले. पण इंग्रजी माध्यमात शिकणाऱ्या एका मुलाने मला सांगितले, की जगभर या दोन अक्षरांचा अर्थ 'गंमत केली, मनावर घेऊ नका' असा होतो. प्रभूचा जयजयकार आणि थट्टा ही दोन्ही त्याच दोन अक्षरांत नांदताना पाहून मी पुष्कळ हसलो. एका रविवारी प्रवचनातही तो किस्सा सांगितला आणि लोकही हसले. हसणे सोपे होते. पुढे जे घडले त्यात हसण्यासारखे काही नव्हते. ते सांगण्यासाठीच हा लेख लिहावयास घेतला आहे. त्यातील मुलाला मी हा मजकूर वाचून दाखविला आहे आणि त्याच्या संमतीनेच तो छापावयास देत आहे.

पारनेर हे सेनापती बापटांचे जन्मगाव. तालुका कमी पावसाचा. पिढ्यान्‌पिढ्या येथील माणसे पोटासाठी मुंबईची वाट धरीत आली. आता बरीच मुले सुप्याच्या औद्योगिक वसाहतीत कामाला जातात. आमची कॅथलिक कुटुंबे मोजकी आणि तीही वाड्यावस्त्यांवर विखुरलेली. त्यामुळे धर्मगुरूची व भाविकांची गाठ दारात पडते त्यापेक्षा अधिक मोबाइलवर पडते. निरोप कसा लिहावा आणि तो कसा वाचावा, हा प्रश्न माझ्यासाठी केवळ भाषेचा राहिलेला नाही, तो याच कारणाने.

अक्षरे गाळून लिहिणे हे काही या मुलांनी शोधून काढलेले पाप नव्हे. आमच्या मराठी पत्राचा मायना तर अर्ध्यामुर्ध्या अक्षरांनीच भरलेला असे. वडिलांना 'ती.', धाकट्याला 'चि.', सुवासिनीला 'सौ.', विधवेला 'गं. भा.', परक्या सद्‌गृहस्थाला 'रा. रा.'. त्यापुढे वडीलधाऱ्यांस 'शि. सा. न. वि. वि.', बरोबरीच्यास 'स. न. वि. वि.' आणि लहानास 'अ. उ. आ.'. पत्त्यावर 'मु. पो.', आणि सही झाल्यावर काही आठवले तर 'ता. क.'. शिरसाष्टांग नमस्कार, अनेक उत्तम आशीर्वाद, ताजा कलम, असे ते सारे उलगडून सांगता येणारा माणूस आज शोधावा लागेल. पण त्या काळी चौथी शिकलेल्या पोरालाही ते ठाऊक असे. पत्राचा शेवटही असाच ठरलेला. जुन्या मोडी पत्रांतून 'बहुत काय लिहिणे, लोभ असो दीजे' असे म्हणून कागद मिटत. शिवकालीन राजपत्राच्या अखेरीस 'मर्यादेयं विराजते' ही मुद्रा उमटे. पत्राची मर्यादा येथे संपली, यापुढे कोणी पदरचे एक अक्षर घालू नये, असा तिचा आशय. आमच्या घरगुती पत्रांत तीच जागा 'कळावे, लोभ असावा ही विनंती' या शब्दांनी घेतली. मजकूर कसलाही असो, भांडणाचा असो, पैशांच्या तगाद्याचा असो, शेवटी लोभाची विनंती करूनच लेखणी खाली ठेवावयाची.

या शेवटाचे मोल मला लहानपणी एका निरक्षर आजीने शिकविले. मी राहुरी तालुक्यातला. आमच्या वस्तीवरील कित्येकांची मुले मुंबईच्या कापड गिरण्यांत होती. महिन्याकाठी मनिऑर्डर येई. तिच्या फॉर्मच्या तळाशी निरोपासाठी बोटभर जागा असे, आणि त्या बोटभर जागेत मुलगा सारा महिना कोंबून लिही. उत्तराची पत्रे लिहिण्याचे काम शाळेत जाणाऱ्या आम्हा पोरांकडे असे. शेजारची ही आजी आंतर्देशीय पत्र घेऊन येई आणि माझ्यासमोर बसून बोलू लागे. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला आणि मनिऑर्डरी थांबल्या. त्यानंतरच्या एका पत्रात तिने इतके सांगितले, की कागदाच्या घड्यांवरची जागासुद्धा संपली. शेवटचे 'कळावे, लोभ असावा' लिहिण्यास ठाव उरला नाही. मला खेळायला जायचे होते. मी पत्र चिकटविले.

"शेवटलं लिहिलंस का रे बाळा?" तिने विचारले.

मी म्हणालो, "हो आजी."

"वाच बरं."

पत्र तर चिकटविलेले. मी ते हातात धरून, न लिहिलेले शब्द तोंडाने म्हणून दाखविले. तिचे समाधान झाले. तिला अक्षर येत नव्हते. पण पत्र कोठे संपते आणि कशाने संपते, हे तिच्या कानाला पक्के ठाऊक होते. पैसे थांबलेल्या मुलाला 'लोभ असावा' हे शब्द पोहोचणे तिला सगळ्यांत आवश्यक वाटले होते, आणि नेमके तेच पोहोचले नाहीत. पुढे सेमिनरीत पापनिवेदनाच्या वेळी ही गोष्ट मी सांगितली, तेव्हा वृद्ध पापनिवेदक थोडे हसले आणि म्हणाले, "आयुष्यात तुला पुष्कळ लोकांची पत्रे पोहोचवायची आहेत. सांभाळ."

इंग्रजी आमच्या वाट्याला आली ती पाचवीत. महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी सुरू झाली २००० साली. आमच्या वेळी दहा वर्षांचे होईपर्यंत तिचे दर्शन नव्हते. घरात तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेचा एक जीर्ण भाग होता, तो आमचा गुरू. शाळेत अर्जलेखन शिकविताना गुरुजींनी नियम घालून दिला: आरंभी 'डिअर सर' असेल तर शेवटी 'युअर्स फेथफुली', आणि माणसाचे नाव घेऊन आरंभ केला असेल तर 'युअर्स सिन्सिअरली'. 'युअर्स'मधील शेवटच्या 'एस'पूर्वी वर स्वल्पविरामासारखे चिन्ह काढले, तर हातावर छडी. 'युअर्स' हे स्वतःच षष्ठीचे रूप आहे, त्याला पुन्हा षष्ठीचे चिन्ह कशाला, हे कारण गुरुजींनी सांगितले होते. पण लक्षात राहिली ती छडी. अठराव्या शतकात खुद्द इंग्रज मंडळी हे चिन्ह बिनदिक्कत काढीत असत, हे मला फार उशिरा कळले. तोवर ती चूक मला मोठ्या पापासारखी वाटू लागली होती.

आज विचार करता त्या दोन शब्दांत एक सुंदर गोष्ट दिसते. 'युअर्स' म्हणजे 'आपला'. दोन्ही भाषांत पत्र लिहिणारा शेवटी स्वतःला वाचणाऱ्याच्या स्वाधीन करतो. 'फेथफुली' हे मात्र क्रियाविशेषण आहे. मराठीने हा समारोप उचलला, पण उचलताना क्रियाविशेषणाचे विशेषण झाले. इंग्रजीत 'मी निष्ठेने आपला आहे' असे म्हटले जाते. आपण 'आपला विश्वासू' लिहितो, म्हणजे मी विश्वास ठेवण्याजोगा आहे. पहिल्यात वचन आहे. दुसऱ्यात प्रशस्तिपत्र आहे, आणि तेही ज्याचे त्याने स्वतःला दिलेले.

त्याच सुमारास आमच्या घरी एक तार आली. माझी आजी मुंबईला चुलत्यांकडे होती. तारवाल्याला पाहताच आईने पदर तोंडाला लावला. त्या काळी खेड्यात तार येणे म्हणजे बहुधा एकच गोष्ट. तारेत चार इंग्रजी शब्द होते: 'मदर सीरियस स्टार्ट इमिजिएटली'. घरात इंग्रजी येणारा मी एकटा, तोही पाचवी-सहावीतला. मी कागद हातात घेतला आणि तर्खडकरांच्या शिष्याला शोभेल अशा गांभीर्याने त्यात क्रियापद शोधू लागलो. 'मदर'नंतर 'इज' हवे होते. 'स्टार्ट' कोणी करावयाचे, त्याचा कर्ता नव्हता. मी मान वर केली तोवर वडिलांनी पिशवी भरली होती आणि ते एस. टी.च्या रस्त्याला लागले होते. त्यांना इंग्रजीचे एक अक्षर येत नव्हते. पण त्या चार शब्दांत जे गाळले होते, ते सारे त्यांनी वाचले होते. तारेत शब्दागणिक पैसे पडत, म्हणून लिहिणारा शब्द गाळी. गाळलेले भरून काढणे हे वाचणाऱ्याचे काम असे. ही तार सेवा आपल्या देशात जुलै २०१३ मध्ये बंद झाली. तिचे व्याकरण मात्र बंद झाले नाही.

सेमिनरीत लॅटिनची तोंडओळख झाली आणि संक्षेपांचे एक नवे जग उघडले. जुने येशूसंघीय गुरू वहीच्या कपाळी 'ए. एम. डी. जी.' लिहीत: देवाच्या अधिकाधिक गौरवासाठी. भावी बेतापुढे 'डी. व्ही.' लिहीत: देवाची इच्छा असेल तर. उद्याविषयी बोलताना प्रभूची इच्छा गृहीत धरा, असे संत याकोबाने आपल्या पत्रात बजावले आहे. त्या बजावणीचा हा दोन अक्षरांतला अर्क. आरंभीच्या शतकांतील ग्रीक हस्तलिखितांत तर देव, प्रभू, येशू, ख्रिस्त ही नावे पूर्ण लिहीतच नसत. दोन-तीन अक्षरे लिहून वर आडवी रेघ ओढीत. अन्य शब्द पूर्ण लिहिणाऱ्यांनी हेच शब्द आखडले, ते जागा वाचविण्यासाठी नव्हे, आदरापोटी.

समारोपाचे महत्त्वही तेथेच समजले. आपण ज्याला 'मिस्सा' म्हणतो, ते नावच मुळी लॅटिन उपासनेच्या शेवटच्या, भाविकांना निरोप देणाऱ्या शब्दांवरून पडले आहे. आरंभावरून नव्हे, मध्यावरून नव्हे. लोकांना घरी पाठविताना जे म्हटले जाई त्यावरून. इंग्रजीतील 'गुडबाय' हाही मुळात 'देव तुमच्याबरोबर असो' या अर्थाच्या पूर्ण वाक्याचा सोळाव्या शतकापासून झिजत आलेला तुकडा. आणि संत पौल! तो पत्रे दुसऱ्याकडून लिहवून घेई. पण शेवटचा नमस्कार स्वतःच्या हाताने लिहीत असल्याचे त्याने एकाहून अधिक पत्रांत नमूद केले आहे. गलतीकरांना तर त्याने, पाहा मी किती मोठ्या अक्षरांत लिहितो आहे, असेही सांगितले. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या शेवटी लेखनिक तर्तिय मध्येच डोके वर काढतो आणि आपलाही नमस्कार जोडून देतो. वर्गात आम्ही या ओळीला हसलो होतो. मला मात्र ती शेजारची आजी आठवली. तर्तियाने दुसऱ्याचे पत्र लिहून स्वतःचा नमस्कार वाढविला. मी दुसऱ्याचा नमस्कारच गाळला होता.

एवढे सारे शिकलेल्या माणसाला मुलांचे 'टीसी' वाचता यावयास हवे होते. ही अक्षरे कशी जन्मली, तेही मी नंतर समजून घेतले. मोबाइलवरचा पहिला लघुसंदेश इंग्लंडमध्ये ३ डिसेंबर १९९२ रोजी नील पॅपवर्थ या अभियंत्याने संगणकावरून धाडला. तो होता नाताळच्या शुभेच्छांचा, आणि त्यात एकही अक्षर गाळलेले नव्हते. पुढे लघुसंदेशात १६० अक्षरांची मर्यादा आणि प्रत्येक संदेशाला पैसे, म्हणून तारेचेच तंत्र पुन्हा अवतरले. देवनागरीत लिहिले तर एका संदेशात ७० चिन्हेच मावत, त्यात काना-मात्राही वेगळे मोजले जात. शिवाय बहुतेक हँडसेटवर देवनागरी नव्हतीच. म्हणून मराठी मुले रोमन अक्षरांत आणि तीही गाळून लिहू लागली. आता मर्यादा गेली, पैसे गेले, सवय राहिली. आणि ही सवयही केवळ पोरांची नव्हे. 'ओ माय गॉड' याची 'ओएमजी' ही तीन अक्षरे ९ सप्टेंबर १९१७ रोजी ब्रिटनचे वृद्ध माजी नौदलप्रमुख लॉर्ड फिशर यांनी विन्स्टन चर्चिल यांना लिहिलेल्या पत्रात आढळतात.

पण तेव्हा मला हे पाहण्याची इच्छा नव्हती. पारनेरला आल्यावर मी रविवारच्या मिस्सानंतर मुलांना नोकरीचे अर्ज लिहावयास शिकवू लागलो होतो. सुप्याच्या कारखान्यांत अर्ज इंग्रजीत द्यावा लागे, आणि मुलांच्या प्रत्येक अर्जाखाली 'युअर्स'च्या डोक्यावर ते चिन्ह हटकून बसलेले असे. छडीचे दिवस गेले होते. म्हणून मी दुसरा उपाय योजला. मुलांना सांगितले, मला यापुढे निरोप धाडाल तो पूर्ण वाक्यात, कर्ता-क्रियापदासह, आणि शेवटी व्यवस्थित समारोप करून. तसे नसेल तर उत्तर मिळणार नाही. त्यासाठी एक वाक्यही मोबाइलमध्ये लिहून ठेवले होते: 'कृपया पूर्ण आणि शुद्ध वाक्यात लिहावे.' अर्धामुर्धा निरोप आला की बोट लावून तेवढे धाडून द्यावयाचे. मुले सुधारू लागली आणि मी स्वतःवर खूश झालो.

तीन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यातली गोष्ट. सकाळी सहाच्या सुमारास मी मिस्साच्या तयारीत होतो. मोबाइल वाजला. निरोप वर्गातल्या एका मुलाचा. सारी अक्षरे रोमन. आरंभी 'एफ-आर', म्हणजे फादर. मग 'मॉम'. मग 'एस-आर-एस', हे मला कळले नाही. एखाद्या कारखान्याचे नाव वाटले. मग 'नगर', 'पीएलएस', 'प्रे', आणि अखेरीस तेच 'टीसी'. कर्ता नाही, क्रियापद नाही. मी नीट वाचलेही नाही. बोट लावले आणि माझे ते वाक्य धाडून दिले.

मिस्सा आटोपून मोबाइल पाहिला, तेव्हा चाळीस मिनिटांनी आलेले त्याचे उत्तर होते. आरंभी 'रिस्पेक्टेड फादर' आणि त्यापुढे स्वल्पविराम. मग तीन पूर्ण इंग्रजी वाक्ये. माझी आई अत्यवस्थ आहे. तिला काल रात्री नगरच्या रुग्णालयात दाखल केले आहे. कृपया तिच्यासाठी प्रार्थना करावी. प्रत्येक वाक्याचा आरंभ मोठ्या अक्षराने, प्रत्येकाच्या शेवटी पूर्णविराम. खाली 'युअर्स फेथफुली', आणि त्याखाली त्याचे पूर्ण नाव. 'युअर्स'वर कोणतेही चिन्ह नव्हते. मी शिकविलेले त्याने नीट शिकून घेतले होते.

'एसआरएस' म्हणजे 'सीरियस'. मदर सीरियस. माझ्या वडिलांना ज्या चार शब्दांनी घराबाहेर काढले होते, तेच शब्द माझ्या हातात आले होते आणि मी त्यांना व्याकरण विचारले होते.

पवित्र तेलाची कुपी घेऊन मी मोटारसायकल काढली. सुप्यावरून पुणे रस्त्याला लागलो. पाऊस होता. सव्वाआठला रुग्णालयात पोहोचलो. तो दाराशीच उभा होता. "या फादर," एवढेच म्हणाला. आई बेशुद्ध होती. मी तैलाभ्यंग दिला, प्रार्थना केली. मग त्याने आपणहून सांगितले, "अर्ध्या तासापूर्वीपर्यंत शुद्धीवर होती. फादर आले का, असं विचारत होती." त्याच्या स्वरात तक्रार नव्हती. रुग्णालयाच्या बाकावर बसून, आईची हाक आतून ऐकू येत असताना, त्याने ती तीन वाक्ये शुद्ध करून लिहिली होती. चाळीस मिनिटांचा हिशेब मी तेथे उभ्या उभ्या केला. त्याने तो केला होता की नाही, हे मी आजवर त्याला विचारलेले नाही. दुपारी ती माउली प्रभूकडे गेली.

त्यानंतर कित्येक रात्री मी त्या निरोपाकडे पाहत असे. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज येशूसंघीयाची मला आठवण होई. १५७९ साली तो गोव्यात उतरला. आपली भाषा शिकला आणि ख्रिस्तपुराण रचून गेला. त्याने लिहिलेले कोकणीचे व्याकरण त्याच्या मृत्यूनंतर, १६४० साली, राचोल येथे छापले गेले. एका इंग्रजाने आमच्या भाषेचे व्याकरण शिकून घेतले, ते आमच्या उंबऱ्याच्या आत येण्यासाठी. मी त्याच्या भाषेचे व्याकरण शिकलो आणि ते माझ्या उंबऱ्यावर कडी म्हणून लावले. व्याकरणाचा यात दोष नाही. अर्जाला शुद्ध इंग्रजी हवीच. तिच्यावाचून मुलांचे अडते, आणि आजही मी ती शिकवितो. पण अर्ज आणि हाक यांतला भेद ओळखणे, हे व्याकरणाच्या पुस्तकात नसते.

दफनविधीच्या दिवशी धर्मग्रामाच्या समूहावर निरोपांची रांग लागली. बहुतेकांनी तीनच इंग्रजी अक्षरे लिहिली होती: आर, आय, पी. चाळीसव्या दिवसापूर्वी क्रूस उभारावयाचा होता, म्हणून तो मुलगा आणि मी नगरला पाथरवटाकडे गेलो. कोरण्याचा दर अक्षरावर होता. मुलाने आईचे नाव आणि तारखा दिल्या आणि म्हणाला, "खाली फक्त आरआयपी टाका." मग माझ्याकडे वळून हळूच विचारले, "फादर, आरआयपीचा नेमका अर्थ काय? सगळे लिहितात म्हणून मी पण सांगितलं."

मी त्याला सांगितले. इंग्रजीत आज त्याचा अर्थ 'शांततेत विसावा घे' असा लावतात. ते क्रियापद आज्ञार्थी, जणू आपण मृत माणसालाच काही सांगतो आहोत. मूळ लॅटिन शब्दांत आज्ञा नाही. 'रेक्विएस्कात इन पाचे'. तिला शांतीत विसावा मिळो. आपण तिच्याविषयी देवाकडे मागतो आहोत. इंग्रजीला हे रूप एका शब्दात सहसा साधत नाही. मराठीला सहज साधते. 'होवो', 'मिळो', 'लाभो'. आपल्या आयाबाया दिवसातून दहा वेळा असे बोलत असतात.

"मग 'तिला शांती लाभो' असं लिहिलं तर?" त्याने विचारले.

पाथरवट बोटांवर मोजीत होता. मराठीत 'आर. आय. पी.' कोरायचे तर पाच अक्षरे होत होती. 'तिला शांती लाभो'ची सहा. तो म्हणाला, "फादर, ह्याच्यात एकच अक्षर वाचतंय."

मुलगा म्हणाला, "पूर्णच लिहा."

आता तो कारखान्यात कायम झाला आहे. माझ्या मोबाइलमधील ते लिहून ठेवलेले वाक्य मी त्याच दिवशी पुसून टाकले. मुले पुन्हा पूर्वीसारखी लिहू लागली आहेत. कोणाचा निरोप आला की मी तो एकदा मोठ्याने वाचतो. जे गाळले असेल ते भरून वाचतो, आणि कळले नाही तर उलट फोन करून विचारतो. उत्तर मात्र मी पूर्ण लिहितो. ती माझी सवय आहे, आणि आता ती कोणावर लादलेली नाही.

परवा त्या मुलाला मी लिहिले, की आईच्या वर्षश्राद्धाची मिस्सा येत्या रविवारी सकाळी आठ वाजता ठेवली आहे. घरच्या सर्वांना घेऊन यावे. पावसाचे दिवस आहेत, रात्रपाळीहून येताना गाडी सावकाश चालवावी. कळावे, लोभ असावा.

थोड्या वेळाने त्याचे उत्तर आले. रोमन लिपीतली पाच अक्षरे: 'के', 'एफ-आर', 'टी-सी'.

मी ती मोठ्याने वाचली: "बरे आहे, फादर. काळजी घ्या."